लांब पल्ल्याची जुनी मोटारसायकल कशी पारखावी?

श्रोतेहो, आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कित्येकांस नवल वाटेल. ज्यानें जन्मभर मुलांना शुद्धलेखन आणि त्रैराशिक शिकविलें, त्या म्हाताऱ्या मास्तरानें मोटारसायकलीवर बोलावें हें जरा विचित्रच दिसतें. परंतु मीं तीस वर्षें राजदूत मोटारसायकलीवरून शाळेची वाट तुडविली आहे, आणि कित्येक रविवारीं ती अंगणांत उघडून पुन्हां जोडली आहे. मॅट्रिकच्या पलीकडे माझें शिक्षण झालें नाहीं. पण त्या यंत्रानें जें शिकविलें तें मी अजून विसरलों नाहीं.

तथापि या भाषणाचें खरें निमित्त निराळें आहे. दोन वर्षांपूर्वीं माझा एक जुना विद्यार्थी पेढे घेऊन घरीं आला. पुण्यांत नोकरी, घरीं पत्नी व एक मुलगी, आणि मनांत लहानपणापासून हिमालय पाहण्याची हौस. त्यानें २०१८ सालची ट्रायंफ टायगर ८०० ही मोटारसायकल परप्रांतांतील एका गृहस्थाकडून साडेसहा लाख रुपयांस घेतली होती. गाडी दिसावयास नवरीसारखी. मी तिच्याभोंवतीं एक फेरी मारली. नंबरपाटी दुसऱ्या राज्याची आहे हें माझ्या लक्षांत आलें होतें. पण आनंदांत मिठाचा खडा कशाला टाकावा, म्हणून 'पुस्तक दाखव' असें मीं म्हटलें नाहीं. पेढा खाल्ला आणि आशीर्वाद दिला.

सहा महिन्यांनीं खंबाटकीच्या घाटांत पावसांत ती गाडी घसरली. त्याचा पाय मोडला आणि गाडीचें दीड लाखाचें नुकसान झालें. विमा चालू होता, परंतु तो जुन्या मालकाच्या नांवाचा. नोंदणीचें पुस्तकही त्याच्याच नांवाचें. कारण गाडीवर बँकेचा बोजा होता, आणि 'आठ दिवसांत बँकेचें पत्र आणून देतों' असें सांगणारा विक्रेता पुढें फोनही घेईना. विमा कंपनीनें दावा नाकारला. मी समाचाराला गेलों तेव्हां त्याची पत्नी शांतपणें म्हणाली, "गुरुजी, तुम्हांला यांतलं कळतं. त्या दिवशीं एक शब्द कां नाहीं बोललांत?"

तिला द्यावयाला माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. आजचें भाषण हें त्या प्रश्नाचें उशिरां दिलेलें उत्तर आहे.

प्रथम या गाड्यांची जात ओळखूं या. लांब पल्ल्याची मोटारसायकल म्हणजे दिवसाकांठीं चारपांचशें किलोमीटर सामानासुमानासह, पाठ न मोडतां, नेणारी गाडी. उदाहरणादाखल हीच टायगर घ्या. ट्रायंफ ही इंग्लंडमधील कंपनी २०१३ सालीं भारतांत आली. टायगर ८०० चें एंजिन ७९९ घनसेंटिमीटरचें, तीन सिलिंडरांचें व पाण्यानें थंड होणारें. टाकी १९ लिटरची. पुढें तिची जागा टायगर ९०० नें घेतली, म्हणून आज ८०० घ्यावयाची ती जुनीच घ्यावी लागते. कावासाकीची व्हर्सिस ६५०, बी.एम.डब्ल्यू.ची आर १२०० जी.एस. हीं त्याच कुळांतलीं दुसरीं नांवें.

अशा गाड्या जुन्या बाजारांत पुष्कळदां चांगल्या स्थितींत मिळतात, याला कारण आहे. पुष्कळ मालक हौसेनें त्या घेतात, वर्षाकांठीं दोन प्रवास करतात, आणि उरलेले दिवस गाडी वाहनतळांत आच्छादनाखालीं उभी असते. पुढें बदली होते, मूल होतें, पाठ दुखूं लागते, आणि गाडी विकावयास निघते. त्यांतच २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० घनसेंटिमीटरपेक्षां मोठ्या मोटारसायकलींवर वस्तु व सेवा कर ४० टक्के झाला, आणि त्याहून लहान गाड्यांवर तो १८ टक्क्यांवर आला. साहजिकच मोठी गाडी घेऊं इच्छिणाऱ्या मध्यमवर्गीय मनुष्याचे डोळे जुन्या गाडीकडे वळतात.

परंतु येथें एक हिशेब ध्यानांत धरावा. जुनेपणाची सूट मिळते ती गाडीच्या किंमतींत. तिच्या सुट्या भागांच्या किंमतींत नव्हे. बारा-तेरा लाखांची गाडी तुम्हांला साडेसहा लाखांत मिळाली, तरी तिचे टायर, तिची चेन, ब्रेकच्या डिस्क आणि मिस्त्रीची मजुरी हीं सारीं बारा-तेरा लाखांच्या गाडीचींच राहतात. म्हणून जुन्या गाडींत आपण वस्तुतः विकत घेतों ती मागच्या मालकानें घेतलेली काळजी. ती घेतली असेल तर सौदा स्वस्त. नसेल तर तिचें बिल आपल्या नांवें निघतें. आणि काळजी पारखावयाची तर क्रम उलटा धरावा लागतो. आपण आधीं रंग पाहतों, मग आवाज ऐकतों, आणि सर्वांच्या शेवटीं कागद मागतों. मी म्हणतों, आधीं कागद, मग इतिहास, मग यंत्र, आणि रंग शेवटीं.

कागदांपासून आरंभ करूं. नोंदणीचें पुस्तक, म्हणजे आर.सी., हातांत घ्या आणि त्यावरील चासीस नंबर गाडीच्या सांगाड्याशीं ताडून पाहा. हँडलची दांडी ज्या नळींतून खालीं उतरते, तिच्यावर बहुधा तो कोरलेला असतो. एंजिनचा नंबर एंजिनच्या पेटीवर असतो. दोन्ही अक्षरशः जुळले पाहिजेत. घासल्याची किंवा पुन्हां ठोकल्याची खूण दिसली तर नमस्कार करून परत यावें. केंद्र सरकारच्या 'वाहन' या संकेतस्थळावर गाडीचा नंबर घातला कीं, गाडी कितव्या मालकाकडे आहे, विमा कधींपर्यंत आहे, बोजा आहे किंवा नाहीं, हें घरबसल्या दिसतें. दंडाच्या थकलेल्या पावत्याही तशाच पाहतां येतात.

पुस्तकावर बँकेचा बोजा असेल, तर विक्रेता कितीही सज्जन असला तरी पूर्ण रक्कम त्याच्या हातीं देऊं नये. त्याच्याबरोबर बँकेंत जावें, उरलेलें कर्ज आपल्या रकमेंतून थेट कर्जखात्यांत भरावें, आणि बँकेचें ना-हरकत पत्र व सही केलेला नमुना ३५ मिळवावा. पुस्तकावरून बोजा उतरल्यावरच बाकीचे पैसे द्यावे. गाडी परराज्यांतली असेल तर तेथील आर.टी.ओ.चें ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे नमुना २८, आवश्यक असतें. दुसऱ्या राज्यांत बारा महिन्यांहून अधिक काळ गाडी ठेवावयाची तर तेथील नवा नंबर घ्यावा लागतो, आणि त्या राज्याचा करही भरावा लागतो. परराज्यांतली गाडी स्वस्त दिसते त्यांत या कराचा अंश पुष्कळदां दडलेला असतो. तो किंमतींत मिळवूनच तुलना करावी.

दुसरी गोष्ट इतिहासाची. देखभालीच्या पावत्या मागा. ज्यानें पावत्या जपल्या त्यानें गाडीही जपली असण्याचा संभव अधिक. त्यांत एक नोंद मुद्दाम शोधावी, ती व्हॉल्व्हच्या फटीची. एंजिनांतील व्हॉल्व्ह मिनिटाला हजारों वेळां उघडतात व मिटतात. त्यांच्या डोक्यावर मिलिमीटरच्या कांहीं शतांश भागांइतकी फट ठेवलेली असते. व्हॉल्व्ह आपल्या बैठकींत झिजत जातो तशी ही फट कमी होत जाते. ती नाहींशी झाली तर व्हॉल्व्ह नीट मिटत नाहीं आणि जळतो. फट कमी झाल्याचा आवाज येत नाहीं. उलट एंजिन अधिकच शांत वाटतें, हीच त्यांतली फसगत. टायगर ८०० मध्यें ही तपासणी दर २०,००० किलोमीटरला करावयाची असते, आणि फट दुरुस्त करण्यासाठीं वरचे कॅमशाफ्ट काढावे लागतात. म्हणून हें काम खर्चाचें आहे. एखादी गाडी नेमकी १९,००० किलोमीटरवर विकावयास आली, तर विक्रेत्यावर संशय घेण्याचें कारण नाहीं. परंतु तो खर्च किंमतींतून वजा करण्यास पूर्ण कारण आहे.

पेट्रोलचाही विचार याच वेळीं करावा. आपल्याकडे आतां २० टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल सर्वत्र मिळतें. एप्रिल २०२३ पासून बनलेल्या गाड्या त्याला अनुसरून केलेल्या आहेत. त्यापूर्वींच्या गाड्यांची गोष्ट तशी नाहीं. म्हणून गाडीबरोबरची माहितीपुस्तिका उघडून कोणत्या मिश्रणास परवानगी आहे तें वाचावें, आणि पेट्रोलच्या रबरी नळ्या मिस्त्रीकडून तपासून घ्याव्या.

आतां यंत्राकडे वळूं. गाडी पाहण्यास सकाळीं जावें, आणि विक्रेत्यास आधींच सांगावें कीं, मी येईपर्यंत ती सुरूं करूं नका. पोंचल्यावर एंजिनला हात लावून पाहा. तें गरम लागलें, तर सकाळचें पहिलें सुरूं होणें तुम्हांला दिसूं नये अशी कोणाची तरी इच्छा होती असें समजा. थंड एंजिन सुरूं झाल्यावर धुराकडे पाहा. थंड हवेंत थोडी पांढरी वाफ येणें स्वाभाविक आहे. पण एंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला तर आंत थंड करणारें पाणी जळत आहे. निळा धूर म्हणजे ऑइल जळत आहे. काळा धूर म्हणजे पेट्रोल अधिक जात आहे. तेथेंच दहापंधरा मिनिटें एंजिन चालूं द्यावें, पंखा आपोआप सुरूं होतो कीं नाहीं तें पाहावें. पंखा न फिरणारी गाडी डोंगरावर फिरते आणि पुण्याच्या रहदारींत उकळते.

गाडी कधीं पडली होती काय, असें विचारलें तर 'उभी असतांना एकदां कलंडली होती' हें उत्तर बहुधा मिळतें. गाडीला विचारावें, ती अधिक खरें सांगते. क्लचच्या व ब्रेकच्या खटक्यांचीं टोंकें, पायटे, हँडलचीं टोंकें आणि एंजिनचीं बाजूचीं झांकणें पाहा. उभी गाडी कलंडली तर ओरखडे आंखूड असतात. धांवती गाडी घसरली तर ते लांब आणि एकाच दिशेनें ओढलेले असतात. हँडल पूर्ण वळल्यावर जेथें अडतें, तेथला सांगाड्यावरील ठोकळा चेपलेला किंवा नव्यानें रंगविलेला असेल, तर धडक जोराची होती हें नक्की.

पुढचें चांक जमिनीवरून उचलून हँडल एका बोटानें हळूहळू डावीउजवीकडे फिरवा. अगदीं मध्यावर तें खांचेंत बसल्यासारखें अडलें, तर तेथील बेअरिंग गेलीं आहेत. पुढच्या फोर्कच्या चकचकीत नळ्यांवर ऑइलचें कडें दिसलें तर सील फुटले आहेत. ब्रेकच्या डिस्कवर कमींत कमी जाडीचा आंकडा कोरलेला असतो, मोजून पाहावें. टायरवर चार आंकडे एका चौकटींत असतात. '२३१९' म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यांत बनलेला. नक्षी खोल असली तरी सहासात वर्षांचें रबर कडक होतें आणि ओल्या रस्त्यावर धरत नाहीं. माझ्या विद्यार्थ्याच्या गाडीचे टायर २०१८ सालचेच होते, आणि त्यांवरील नक्षी पाहून आम्हीं दोघांनींही समाधान मानलें होतें.

मागच्या चक्राच्या अगदीं मागील बाजूस चेन बोटांनीं ओढून पाहा. ती दांत्यापासून सुटून अर्धा दांता दिसूं लागला, किंवा दांते लाटेसारखे एका बाजूला वांकलेले असले, तर चेन आणि दोन्ही चक्रें हा सारा संच बदलावयाचा असें समजावें. नुसती चेन बदलली तर जुनीं चक्रें नवीन चेनला लवकर खातात. बी.एम.डब्ल्यू.च्या जी.एस.सारख्या गाडीला चेन नसून फिरता दांडा असतो; तेथें मागच्या चाकाजवळच्या पेटींतून ऑइल गळतें काय, आणि चाक हातानें हलविलें असतां खेळतें काय, हें पाहावें.

किल्ली फिरविल्यावर ए.बी.एस.चा दिवा लागला पाहिजे, आणि गाडी चालूं लागल्यावर विझला पाहिजे. तो विझला नाहीं तर यंत्रणेंत दोष आहे. तो मुळींच लागला नाहीं तर दोष लपविलेला असण्याचा संभव आहे. तसेंच, प्रवासी लोक जादा दिवे, भोंगे, फोनला वीज देणारीं यंत्रें बसवितात. तीं विक्रेता भूषण म्हणून दाखवितो. आपण मात्र बैठक उचलून खालच्या तारा पाहाव्या. कापून व चिकटपट्टी गुंडाळून जोडलेल्या तारा पावसाळ्यांत वाटेवर दगा देतात.

मग फेरी मारावी, ती निदान वीस मिनिटें. घरच्या मंडळींनीं एक परीक्षा मात्र आग्रहानें घ्यावी. पेट्रोल भरलेली ही गाडी दोनशें किलोंहून अधिक भरते. ती एंजिन बंद ठेवून आपल्या वाहनतळांतून ढकलत बाहेर काढून पाहावी, आणि मागें पत्नीला बसवून हळू वळवून पाहावी. ज्याला हें जमत नाहीं त्यानें लहान गाडी घ्यावी; त्यांत कमीपणा नाहीं. भरधांव वेगापेक्षां वेग नसतांनाच या गाड्या अधिक वेळां पडतात.

हें सर्व समाधानकारक निघालें, तरी किंमत ठरवितांना तिचा सातवा-आठवा भाग हातीं राखून ठेवावा. टायर, चेन, ऑइल, कूलंट आणि ब्रेकचें ऑइल हीं कामें घेतल्याबरोबर करून टाकावीं. तेवढे पैसे उरत नसतील तर ती गाडी आपल्या ऐपतीची नाहीं.

आतां शेवटची गोष्ट, जिच्याकडे आपण सर्वांत अधिक दुर्लक्ष करतों. पैसे दिले, किल्ली घेतली, म्हणजे व्यवहार पुरा झाला असें आपल्याला वाटतें. कायद्याला तसें वाटत नाहीं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५० व्या कलमान्वयें राज्यांतल्या राज्यांत विक्री झाली तर विकणाऱ्यानें १४ दिवसांच्या आंत, आणि घेणाऱ्यानें ३० दिवसांच्या आंत आर.टी.ओ.ला कळवावयाचें असतें. त्यासाठींच नमुना २९ आणि ३० आहेत. विमाही १४ दिवसांत आपल्या नांवें करून घेण्यासाठीं अर्ज करावा लागतो. दुसऱ्याला झालेल्या इजेपुरता विमा गाडीबरोबर येतो असें कायदा मानतो. पण आपल्या गाडीच्या नुकसानीचा विमा हा कंपनीचा आणि जुन्या मालकाचा करार असतो, तो आपोआप आपला होत नाहीं. माझ्या विद्यार्थ्याचा दावा नाकारला गेला तो याच कारणानें. जुन्या मालकानें दावे न केल्याबद्दल मिळविलेली सूटही त्याची स्वतःची असते. ती गाडीबरोबर येत नाहीं.

विकणाऱ्यानेंही निर्धास्त राहूं नये. २०१८ सालीं सर्वोच्च न्यायालयापुढें एक प्रकरण आलें. गाडी हातोहात अनेकांना विकली गेली होती, पण पुस्तकावर नांव पहिल्याचेंच राहिलें होतें. अपघात झाला, आणि न्यायालयानें ठरविलें कीं, नोंदणींत ज्याचें नांव आहे तोच भरपाईच्या दृष्टीनें मालक. म्हणजे दोन वर्षांपूर्वीं विकलेल्या गाडीचा अपघात जुन्या मालकाच्या दाराशीं येऊन उभा राहूं शकतो. म्हणून गाडी देतांघेतांना तारीख, वेळ आणि किलोमीटरचा आंकडा लिहून दोघांनीं सह्या कराव्या, आणि नांव बदलेपर्यंत दोघांनींही स्वस्थ बसूं नये.

माझ्या विद्यार्थ्याची गोष्ट अर्धी सोडूं नये. त्यानें वकिलामार्फत विक्रेत्याचा पाठपुरावा केला. उरलेलें कर्ज, सुमारें नव्वद हजार, शेवटीं ह्यानेंच भरलें. मग बँकेचें पत्र आलें, ना-हरकत आली, कर भरला, आणि खरेदीनंतर पंधरा महिन्यांनीं पुस्तकावर त्याचें नांव लागलें. सर्व हिशेब मांडला तेव्हां साडेसहा लाखांची गाडी त्याला साडेनऊ लाखांच्या वर पडली. पाय बरा झाला आहे, पण थंडींत दुखतो. हिमालय अजून पाहावयाचा राहिला आहे.

गेल्या महिन्यांत तो पुन्हां घरीं आला. बरोबर त्याचा एक मित्र होता, त्यालाही अशीच गाडी घ्यावयाची होती, आणि दुसऱ्या दिवशीं ती पाहण्यास जावयाचें होतें. मित्र मोठ्या उत्साहानें फोनवर गाडीचीं चित्रें दाखवूं लागला. मी कांहीं बोलण्यापूर्वींच माझा विद्यार्थी त्याला म्हणाला, "चित्रं राहूं दे. गुरुजींना आधीं पुस्तक दाखव."